घरात पैसा येतो तसं ॲप बांधा: सांगलीतल्या विद्यार्थ्यांसाठी

पैशाचे प्राथमिक धडे देणारी बरीच ॲप्स पहिल्याच पडद्यावर विचारतात, "तुमचा महिन्याचा पगार किती?" कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदारानं याचं उत्तर काय द्यायचं? वाळव्याच्या उसवाल्यानं? ज्या घरात दुधाचं बिल दर दहा दिवसांनी आणि उसाचं बिल वर्षातून एकदाच येतं त्या घरानं? एमआयडीसीत हजेरीवर जाणाऱ्याला आठवड्याला पैसे मिळतात आणि खाडा पडला की तेवढे कमी मिळतात. विट्याकडच्या कित्येक घरांत कर्ता माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यात असतो, तिकडून जमेल तसे पैसे येतात. ही माणसं पैशाच्या बाबतीत अडाणी नाहीत. उलट पगारदारापेक्षा त्यांचं गणित अवघड असतं आणि ते गणित मांडून देणारं साधन मराठीत फारसं मिळत नाही.

महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी असं वेब-ॲप करायचं ठरवलं असेल, तर हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या पडद्यावर आणण्याचं काम नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. 'बचत म्हणजे काय' हे कुणालाही शिकवावं लागत नाही. शिकवायला लागतं ते असं: हातात आलेल्या रकमेतली खरोखर मोकळी किती, कर्जाचा खरा दर किती आणि ठेव कुठं सुरक्षित आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं माणसाला स्वतःचे आकडे घालून मिळाली, तरी तुमचं ॲप कामाचं झालं.

लॅपटॉप उघडण्याआधी

चार-पाच जणांचा गट असेल तर कामं अशी वाटा की कोड लिहिणारे दोनच असतील. एकानं मजकूर लिहायचा. एकानं प्रत्येक आकडा आणि नियम मूळ ठिकाणी जाऊन तपासायचा. एकानं माणसांत फिरायचं. शेवटच्या दोघांचं काम कमी प्रतीचं समजलं जातं, पण ॲप टिकतं ते त्यांच्यामुळे.

फिरणाऱ्यानं छापील प्रश्नावली घेऊन जाऊ नये. "तुम्ही बचत करता का?" म्हटलं की सगळे हो म्हणतात. मार्केट यार्डात हळदीचा सौदा उरकून पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) घेऊन बाहेर पडलेल्या शेतकऱ्याला विचारा, "काका, हे पैसे आता कुणाकुणाला द्यायचेत?" बचत गटातल्या मावशींना विचारा, "मागच्या खेपेला कर्ज कशासाठी घेतलं, आणि हप्ता कसा ठरला?" माणूस घडलेल्या गोष्टीबद्दल मोकळेपणानं बोलतो. ऐकलेले शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा: उचल, पट्टी, हजेरी, भिशी लागणं, सोसायटीचं कर्ज. तुमच्या ॲपच्या बटणांवर हेच शब्द यायला हवेत. 'उत्पन्न-स्रोत प्रविष्ट करा' असं बटण दिसलं की मावशी फोन परत देतील. नाव, गाव, फोन नंबर मात्र टिपू नका, त्याची गरजच नाही.

पहिला पडदा: पैसा कधी येतो?

इथं पाच पर्याय ठेवा: रोज, आठवड्याला, दहा दिवसांनी, महिन्याला, हंगामाला. एकापेक्षा जास्त निवडता आले पाहिजेत, कारण गावाकडच्या घरात दोन-तीन वाटांनी पैसा येतो. मग बारा महिन्यांची आडवी पट्टी दाखवा आणि ज्या महिन्यात जे येतं ते तिथं भरू द्या. खर्चही तसाच. दर महिन्याचा घरखर्च एका रकान्यात आणि ठरावीक महिन्यात येणारे मोठे खर्च वेगळे: जूनची शाळा, लागणीचं बेणं आणि खत, दिवाळी, लग्नसराई.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. उसाचं बिल २,४०,००० रुपये झालं. सोसायटीच्या पीककर्जाचे ९०,००० त्यातूनच वळते झाले. खात्यावर उरले १,५०,०००. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी ४,५००, म्हणजे महिन्याला १३,५००. घरखर्च महिन्याला १९,०००. दर महिन्याला ५,५०० कमी पडतात, वर्षाला ६६,०००. ते बाजूला काढले की ८४,००० राहतात. शाळा-कॉलेजच्या फीचे २५,००० आणि पुढच्या पिकाचे ४०,००० वजा केले की उरले १९,०००.

हा १९,००० चा आकडा पडद्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात दाखवायचा. बिल जमा झाल्याचा मेसेज येतो त्या दिवशी माणसाच्या डोक्यात दीड लाख असतात आणि गाडीच्या शोरूमची वाट त्याच आठवड्यात धरली जाते. 'खर्च कमी करा' असा उपदेश तुम्हाला करावाच लागत नाही. दीड लाखापासून १९,००० पर्यंतची उतरंड एकेका पायरीनं दाखवली की बघणारा स्वतःच थांबतो.

एक बारकावा सांभाळा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराची, रक्कम मिळावी असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण बिल हप्त्याहप्त्यानं येण्याचा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. म्हणून उसाच्या बिलाला एक रकाना पुरणार नाही. 'पहिली उचल', 'दुसरा हप्ता', 'शेवटचं बिल' असे वेगळे रकाने द्या आणि शेवटचे दोन रिकामे ठेवले तरी गणित चाललं पाहिजे. न आलेला पैसा धरून मोकळी रक्कम फुगवू नका.

व्याजाचा पडदा: इथं सगळ्यांत जास्त वेळ घाला

लोकांचं सगळ्यांत मोठं नुकसान व्याजात होतं, आणि गणित येणारे विद्यार्थी म्हणून तुमचा खरा उपयोगही इथंच आहे.

पहिली अडचण, दर महिन्याचा की वर्षाचा. गावात खासगी उसने पैसे 'तीन टक्क्यानं' दिले जातात तेव्हा तो दर महिन्याचा असतो. ६०,००० रुपयांवर महिन्याला १,८०० व्याज. दोन वर्षांत ४३,२०० रुपये नुसतं व्याज जातं आणि मुद्दल जागेवर असतं. बँकेचे बारा टक्के मात्र वर्षाचे. त्यामुळे दर लिहायच्या रकान्याशेजारी 'महिन्याला' आणि 'वर्षाला' अशी दोन बटणं ठेवा आणि त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नका. आधीपासून काहीही निवडून ठेवू नका, माणूस ते तसंच सोडून पुढं जातो. इथंच एका ओळीत सांगा की राज्यात सावकारीला परवाना लागतो, त्यासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे आणि विनापरवाना सावकारीची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

दुसरी अडचण फ्लॅट दराची, म्हणजे हप्ते फेडत गेलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावरच लावण्याची. ६०,००० रुपये, दोन वर्षं, 'फक्त बारा टक्के फ्लॅट'. व्याज १४,४००, एकूण ७४,४००, २४ हप्ते, हप्ता ३,१०० रुपये. ऐकायला सरळ वाटतं. पण यात दर महिन्याला २,५०० मुद्दल फिटतं आणि ६०० रुपये व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत तसंच चालू राहतं. शेवटच्या हप्त्याला अंगावर फक्त २,५०० रुपये उरलेले असतात आणि त्यावर एका महिन्याचं व्याज ६०० रुपये दिलं जातं. घटत्या शिलकीवर तेच बारा टक्के असते तर हप्ता साधारण २,८२४ आला असता आणि दोन वर्षांचं व्याज सुमारे ७,७८६ झालं असतं. फ्लॅटच्या बारा टक्क्यांचा घटत्या शिलकीवरचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो.

हे कोडमध्ये कसं काढायचं? हप्त्याचं सूत्र अकरावी-बारावीच्या गणिताला धरून आहे. महिन्याचा दर आधी शंभरनं भागून दशांशात घ्या. त्यात एक मिळवून, जितके हप्ते तितक्या घाताला न्या. या संख्येला मुद्दलानं आणि महिन्याच्या दरानं गुणा आणि त्याच संख्येतून एक वजा करून येणाऱ्या आकड्यानं भागा. खरा दर काढायला उलटं जावं लागतं, त्याला थेट सूत्र नाही. मग निम्मं-निम्मं करत शोधायचं: खरा दर महिन्याला ० आणि १० टक्क्यांच्या मध्ये आहे असं धरा, मधला दर घेऊन हप्ता काढा. तो ३,१०० पेक्षा कमी आला तर खरा दर वरच्या निम्म्यात आहे, जास्त आला तर खालच्या. पन्नास वेळा हे केलं की उत्तर पैशापर्यंत बरोबर येतं आणि साध्या फोनवरही क्षणात येतं. बक्षीस म्हणून एक गोष्ट मिळते: मुद्दलाऐवजी 'हातात प्रत्यक्ष पडलेली रक्कम' घातली की प्रोसेसिंग फी आणि कापून घेतलेला विमाही खऱ्या दरात आपोआप धरला जातो. 'शून्य टक्के हप्त्यावर मोबाईल' याचा उलगडाही असाच होतो.

दर शून्य टाकला तर हप्त्याच्या सूत्रात शून्याला शून्यानं भागणं येतं आणि पडद्यावर उत्तराच्या जागी भलतंच काही उमटतं. त्यासाठी वेगळी अट लिहा: दर शून्य असेल तर मुद्दल भागिले हप्ते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं, असं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. तुमच्या ॲपचं उत्तर दाखवल्यावर लगेच खाली लिहा: 'सही करायच्या आधी हा कागद मागा आणि त्यातला वार्षिक दर इथल्या दराशी जुळवून बघा.' शिकलेली गोष्ट काउंटरवर वापरायची सोय यातून होते.

ठेव कुठं ठेवली आहे?

सांगलीकरांना या प्रश्नाचं महत्त्व वेगळं सांगायला नको, ठेवी अडकल्याचं दुखणं पुष्कळ घरांनी काढलं आहे. हा पडदा छोटा ठेवा पण एकही शब्द सैल ठेवू नका. राष्ट्रीयीकृत, खासगी, नागरी सहकारी किंवा जिल्हा मध्यवर्ती बँक असेल तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी ती १ लाख होती. एकाच बँकेच्या तीन शाखांत एकाच नावानं ठेवलेली रक्कम एकत्रच मोजली जाते, हे उदाहरण देऊन सांगा, कारण शाखा बदलली की मर्यादा बदलते असा समज सर्रास आढळतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. भिशीला तर नाहीच.

हे लिहिताना सूर सांभाळायला लागतो. पतसंस्था वाईट असं म्हणायचं नाही. अनेक गावांत अडीनडीला तीच दारात उभी राहते, आणि कोणत्याही संस्थेचं नाव घेऊन चांगलं-वाईट ठरवणं तुमचं काम नाही. 'या प्रकारच्या संस्थेत विमा आहे, या प्रकारच्या संस्थेत नाही' एवढंच सांगा. महिन्याला ठरावीक मोठा परतावा देण्याच्या योजनांबद्दल शंका असेल तर रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' हे संकेतस्थळ आहे, त्याचा दुवा इथं द्या.

याच भागाला जोडून अडीनडीच्या पैशाचा हिशेब घ्या. सर्वसाधारण पुस्तकात तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं असतं. सांगलीत आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: घर किंवा दुकान पुराच्या पट्ट्यात आहे का? २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी गावभागात किंवा कृष्णाकाठच्या गावांत बघितले, त्यांना दुकान बंद राहण्याचा काळ, माल हलवण्याचं भाडं आणि साफसफाई हे खर्च माहीत आहेत. उत्तर 'हो' असेल तर हे तीन रकाने उघडा. सोबत प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची माहिती द्या: वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा, वय १८ ते ७०. जीवनज्योती या आयुर्विम्याला वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०. दोन्हींचा हप्ता खात्यातून आपोआप जातो. तो चालू आहे का, हे पासबुकात कसं बघायचं तेही दाखवा.

कोडची बाजू

पहिल्या आवृत्तीला एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट पुरते. रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी येत असेल तर वापरा, पण फक्त प्रकल्प अहवालात नाव यावं म्हणून नको. ॲप जत-आटपाडीकडच्या, रेंज येत-जात असलेल्या फोनवर उघडायचं आहे. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पाठीमागे चालणारी छोटी स्क्रिप्ट) लावून सगळ्या फाइली फोनवरच साठवा, म्हणजे एकदा उघडलेलं ॲप नेटशिवायही चालेल. त्याला एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित जोडणी लागते, गिटहब पेजेस या संकेतस्थळं ठेवायच्या सेवेवर ती फुकट मिळते. नवी आवृत्ती चढवताना या साठवणीचं (कॅशचं) नाव बदला, नाहीतर लोकांच्या फोनवर जुनेच आकडे दिसत राहतील.

मराठी आकड्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा. कुणी '६००००' देवनागरीत टाइप करेल, कुणी इंग्रजी आकड्यांत, कुणी मध्ये स्वल्पविराम देईल. आकड्यांसाठी असलेला तयार 'नंबर' प्रकारचा रकाना देवनागरी अंकांवर भरवशाचा नाही, आणि जावास्क्रिप्टला ते थेट संख्या म्हणून वाचताही येत नाहीत. साधा मजकुराचा रकाना घ्या, कीबोर्ड तेवढा अंकांचा उघडेल अशी सूचना द्या आणि अंक स्वतः बदला. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे. आलेल्या देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की ० ते ९ मधला आकडा मिळतो. स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा त्याआधीच काढून टाका. दाखवताना ब्राउझरच्या तयार संख्या-मांडणीला मराठी-भारत (mr-IN) हा प्रांत दिला की लाखाच्या जागी लाखाचा स्वल्पविराम आपोआप पडतो आणि अंकही देवनागरी येतात.

अक्षरांच्या बाबतीत दोन गोष्टी. ओळींमधलं अंतर दीडपटीहून थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे आणि लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतो.

लॉगिन ठेवू नका. पैशाची माहिती विचारून वर मोबाईल नंबर मागितला की शहाणा माणूस ॲप बंद करतो, आणि ते बरोबरच आहे. आकडे त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये साठवा, तुमच्या सर्व्हरवर काहीच येऊ देऊ नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. माहिती घेतलीच नाही तर तो प्रश्न तुमच्यापुढं येतच नाही. घरात फोन अनेकांच्या हातात फिरतो, म्हणून प्रत्येक पडद्यावर 'माझे आकडे पुसा' हे बटण दिसत राहू द्या.

बदलणारे सगळे आकडे एकाच वेगळ्या फाइलमध्ये ठेवा: विम्याचे हप्ते, ठेव विम्याची मर्यादा, पोस्टाच्या योजनांचे दर. प्रत्येकासमोर तपासल्याची तारीख, आणि ती तारीख वाचणाऱ्यालाही दिसू द्या. अल्पबचतीच्या दरांचा सरकार दर तिमाहीला आढावा घेतं, म्हणून ते दर मजकुरात कुठंही कायमचे लिहून ठेवायचे नाहीत.

अमुक फंड घ्या, तमुक शेअर चांगला, असं एकही वाक्य ॲपमध्ये नको. गुंतवणुकीचा सल्ला द्यायला सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. सल्ला देणारा चॅटबॉटही जोडू नका, तो चुकीचा आकडा ठामपणे सांगतो आणि त्याचं नुकसान वाचणाऱ्याच्या खिशाला होतं. यूपीआयचा मात्र एक छोटा सराव-पडदा करा. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' अशी खोटी विनंती दाखवा आणि माणूस पिनकडे वळला की तिथंच थांबवून सांगा: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. सरावासाठीसुद्धा खरा पिन टाइप करू देऊ नका, रकाना बंदच ठेवा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हा नंबर तळाशी कायम दिसू द्या.

तपासणी

गणिताची तपासणी माणसांच्या आधी. वरची ६०,००० ची आणि २,४०,००० ची दोन्ही उदाहरणं कागदावर सोडवा, एक्सेलच्या पीएमटी (PMT) या तयार सूत्रानं हप्ता काढा आणि ॲपचं उत्तर जुळवा. मग वेडीवाकडी माहिती घाला: रिकामा रकाना, शून्य हप्ते, उत्पन्नापेक्षा जास्त खर्च. मोकळी रक्कम उणे आली तर लाल अक्षरांत घाबरवू नका. 'श्रावणात ८,००० कमी पडतील' असं महिन्यासकट सांगा, म्हणजे तयारी आधी करता येते.

नंतर फोन एखाद्या मावशींच्या हातात द्या आणि गप्प बसा. "इथं दाबा" म्हणायचा मोह होतो, तो आवरायचा. त्या कुठं थांबतात, कोणता शब्द दोनदा वाचतात, बोट कुठं घुटमळतं, ते टिपा. शेवटी 'आवडलं का' विचारू नका. "बारा टक्के फ्लॅट आणि सोळा टक्के घटतं, यातलं तुम्ही कुठलं घ्याल?" असं विचारा. सोळा टक्क्यांचं उत्तर कारणासकट आलं, तर व्याजाचा पडदा जमला. नाही आलं तर त्याच पडद्यावर परत बसा, नवे विषय जोडू नका.

तुमचं शेवटचं वर्ष संपलं की ॲप अनाथ होण्याची भीती असते. म्हणून जूनमध्येच खालच्या वर्षातले दोघं गटात घ्या, आकड्यांची ती एक फाइल कशी बदलायची हे त्यांच्या हातानं करवून घ्या आणि तपासणीच्या चार तारखा त्यांच्या कॅलेंडरवर टाका: १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी.